‘बोलायला तयार आहात का?’ असं विचारून तयारी कळत नाही

शेवटच्या आजारपणात कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, कुठे राहायचं, आपल्याला बोलता येईनासं झालं तर निर्णय कुणी घ्यायचा, याबद्दल माणसं घरात बोलायला कितपत तयार असतात हे मोजायचं असेल तर पहिला मोह होतो तो एकच प्रश्न विचारून मोकळं व्हायचा. ‘तुम्ही या विषयावर बोलायला तयार आहात का? हो / नाही.’ प्रबंधासाठी हा विषय घेणाऱ्या नर्सिंगच्या आणि समाजकार्याच्या विद्यार्थ्यांनी, ज्येष्ठ नागरिक संघांनी आणि पॅलिएटिव्ह केअरच्या (गंभीर आजारातला त्रास कमी करणाऱ्या सेवेच्या) टीमने या प्रश्नापासून लांबच राहावं. दारात आलेल्या शिकल्यासवरल्या मुलीला ‘नाही’ म्हणणं आपल्याकडे जड जातं. ‘हो’ म्हणायला काही लागत नाही.

अमेरिकेत लोकांनी या विषयावर घरात बोलावं म्हणून काम करणाऱ्या ‘द कॉन्व्हर्सेशन प्रोजेक्ट’ने २०१८ मध्ये केलेल्या पाहणीत ९२ टक्के लोक म्हणाले की हे बोलणं महत्त्वाचं आहे आणि ९५ टक्के म्हणाले की आम्ही बोलायला तयार आहोत. प्रत्यक्षात बोलून झालं होतं ३२ टक्क्यांचं. म्हणजे ‘तयार आहात का’ हा प्रश्न जवळजवळ सगळ्यांना एकाच बाजूला टाकतो. ज्या मापाने सगळेच सारखे दिसतात, ते माप माणसामाणसातला फरक दाखवायला निरुपयोगी. ९५ आणि ३२ यांच्या मधली माणसं कुठे अडली आहेत, हे कळायला हवं.

त्यासाठी तयारीचे तुकडे करावे लागतात: कुणाशी, कशाबद्दल आणि केव्हा. कॅलिफोर्नियातल्या डॉक्टर आणि संशोधक रिबेका सुडोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये याच कामासाठी एक मोठी प्रश्नावली तयार केली. तिच्यात ८२ प्रश्न होते. पुढे तिच्या ५५, ३४, १५, ९ आणि शेवटी फक्त ४ प्रश्नांच्या आवृत्त्या निघाल्या. त्या चार प्रश्नांत चार कृती आहेत: आपल्या वतीने निर्णय घेणाऱ्या माणसाचं नाव कागदावर सही करून देणं, त्या माणसाशी उपचारांबद्दल बोलणं, डॉक्टरांशी बोलणं, आणि काय हवं-नको ते लिहून सही करणं. प्रत्येक कृतीबद्दल विचारायचं, तुम्ही आज कुठल्या पायरीवर आहात? पायऱ्या पाच. कधी विचारच केलेला नाही, विचार आलाय पण करायची तयारी नाही, येत्या सहा महिन्यांत करायचा विचार आहे, येत्या तीस दिवसांत नक्की करणार, करून झालं. चारही उत्तरांची सरासरी काढली की १ ते ५ मधला एक आकडा मिळतो.

नवीन प्रश्नावली बनवत बसण्यापेक्षा ही चार प्रश्नांची चौकट घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. पण ती मराठीत आणताना खरं काम सुरू होतं. शब्दकोश उघडून केलेलं भाषांतर इथे हमखास फसतं आणि ते का फसतं हे एकेका शब्दावरून दिसतं.

‘शेवटची इच्छा’ म्हटलं की समोरच्या आजी सांगतात, नातवाचं लग्न बघायचंय, एकदा काशीला जायचंय. उत्तर मनापासूनचं असतं, पण आपल्या प्रश्नाचं नसतं. ‘इच्छापत्र’ किंवा ‘मृत्युपत्र’ म्हटलं की सातबारा, फ्लॅट आणि दागिने डोळ्यांपुढे येतात, आणि शेजारी बसलेल्या सुनेचे कान टवकारले जातात. एवढ्यानेच पुढची सगळी उत्तरं बिघडतात. ‘इच्छामरण’ आणि ‘दयामरण’ हे शब्द तर प्रश्नावलीत कुठेही नकोत. एकाला भीष्म आठवतात, दुसऱ्याला इंजेक्शन देऊन मारणं वाटतं, मुंबईतल्या वयस्कर माणसांना केईएम रुग्णालयात वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेल्या अरुणा शानभाग आणि त्यांच्याबाबतचा २०११ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आठवतो. विदर्भात कुणी विनोबांचं १९८२ मधलं पवनारचं प्रायोपवेशन (अन्नपाणी सोडून देह ठेवणं) काढतं. हे सगळे विषय मोलाचे आहेत, पण ‘श्वासाचं मशीन लावायचं की नाही हे तुम्ही मुलाला सांगितलंय का’ या प्रश्नाशी त्यांचा संबंध नाही. कृत्रिम जीवनरक्षक प्रणाली हा शब्दही वर्तमानपत्रातच ठेवावा. ‘घशात नळी घालून श्वासाचं मशीन’, ‘नाकातून नळी घालून अन्न’, ‘छाती दाबून हृदय पुन्हा चालू करणं’, असं बोललं की कळतं.

विषय काढायला मराठीत एक सुंदर शब्द आहे: निरवानिरव. त्याला अशुभाचा वास नाही. निरवानिरव करणारा माणूस शहाणा, घरादाराची काळजी असलेला, असाच समजला जातो. अर्थाच्या बाजूने तो पैसाअडका, देणीघेणी यांच्याकडे झुकतो. म्हणून त्याचा उपयोग दार उघडण्यापुरता करायचा आणि लगेच पुढचं वाक्य उपचारांवर आणायचं. ‘माणूस आपल्या हातानं निरवानिरव करून ठेवतो, तसं आजारपणात कोणते उपचार हवे-नको हेही काही जण घरच्यांना सांगून ठेवतात. तुमचं कसं आहे?’ यातलं ‘काही जण’ महत्त्वाचं आहे. ‘बरेच लोक’ म्हटलं तर आपणच उत्तर सुचवल्यासारखं होतं.

पायऱ्यांमधल्या ‘सहा महिने’ आणि ‘तीस दिवस’ याही आकड्यांना घरातला आधार द्यावा लागतो. निर्जला एकादशीच्या सुमाराला विचारत असाल तर महिना म्हणजे आषाढी आणि सहा महिने म्हणजे दत्तजयंती. बौद्ध घरात ६ डिसेंबर, ख्रिस्ती घरात नाताळ. प्रत्येक महिन्याचं वेगळं कार्ड छापून ठेवायचं, मुलाखत घेणाऱ्याने जागेवर हिशेब करायचा नाही. कार्डावर पाच पायऱ्यांच्या जिन्याचं मोठं चित्र असावं आणि ‘आजी, यातल्या कुठल्या पायरीवर तुम्ही उभ्या आहात, बोट ठेवून दाखवा’ असं सांगावं. तोंडाने पाच पर्याय ओळीने वाचून दाखवले तर वयस्कर माणूस पहिला किंवा शेवटचाच धरतो.

मसुदा तयार झाला की दहा-बारा जणांवर शब्द तपासून घ्यायचे. त्यांना उत्तर विचारायचंच नाही. ‘मी आत्ता काय विचारलं ते तुमच्या शब्दांत सांगा’ एवढंच. तिघांनी जरी इस्टेटीबद्दल सांगितलं तरी तो प्रश्न बदलायचा. त्यानंतर मराठी मसुदा न पाहिलेल्या माणसाकडून उलट इंग्रजीत भाषांतर करून घेऊन मूळ प्रश्नाशी ताडून पाहायचं. अनेक जण फक्त हे दुसरं काम करतात. उलट भाषांतरात ‘इच्छापत्र’चं नीट ‘विल’ होऊन येतं, सगळं जुळल्यासारखं दिसतं आणि चूक तशीच राहते. पहिलं काम टाळता येत नाही.

आता पाचवी पायरी, ‘करून झालं’. सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते. आपल्याकडे म्हातारी माणसं मरणाबद्दल बोलतच नाहीत हे खरं नाही. ‘देवा, आता ने’, ‘चालताबोलता जावं’, ‘कुणाला माझं करायला लागू नये’ हे रोजचं बोलणं आहे. विचारलं की त्या म्हणतात, ‘हो, सारखी बोलते की मी.’ पण यातून मुलाला आयसीयूच्या दारात उभं राहून काही ठरवता येणार नाही. म्हणून पाचवी पायरी सांगितली की लगेच तीन उपप्रश्न हवेत: कुणाशी बोललात? नेमकं काय सांगितलंत? ते काय म्हणाले? माणसाचं नाव किंवा नातं, एखादा ठोस उपचार, जागा किंवा निर्णय घेणारा, आणि ऐकणाऱ्याचं काहीतरी उत्तर, या तिन्ही गोष्टी मिळाल्या तरच ५. नाहीतर माणसाने दाखवलेली पायरी एका रकान्यात आणि तपासून ठरलेली पायरी दुसऱ्या रकान्यात लिहायची. दोन्ही ठेवायच्या, एकीवर दुसरी खोडायची नाही.

तिसऱ्या उपप्रश्नाचं एक उत्तर ठरलेलं असतं. ‘असलं काही बोलू नकोस म्हणाला.’ किंवा, ‘भरल्या घरात असं बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते.’ पाच पायऱ्यांत याला जागाच नाही. ही बाई तिसऱ्या पायरीवर नाही आणि पाचव्याही नाही. तिने बोलून पाहिलं, समोरच्याने तोंड बंद केलं. याला वेगळा कोड द्यायलाच हवा. मी त्याला ‘अडवलेला प्रयत्न’ म्हणेन. परदेशी चौकट माणसाला एकटा धरते, त्याची तयारी त्याच्याच डोक्यात शोधते. आपल्या घरांत बोलणारा तयार आणि ऐकणारा नाही, असं असू शकतं, आणि हा कोड नसेल तर ही सगळी माणसं ‘तयार नाही’च्या खात्यात जाऊन पडतात. मग अहवाल म्हणतो ज्येष्ठांचं प्रबोधन करा, आणि ज्याच्याशी बोलायला हवं तो चाळिशीतला मुलगा बाजूलाच राहतो.

म्हणून शक्य असेल तिथे जोडीने मोजावं. आई किंवा वडील, आणि त्यांनी ज्याचं नाव निर्णयासाठी घेतलं ती व्यक्ती. दोघांना वेगळं बसवून, त्याच दिवशी. पहिल्याला ‘तुम्ही सांगायला कुठल्या पायरीवर आहात’, दुसऱ्याला ‘तुम्ही हे ऐकायला कुठल्या पायरीवर आहात’. शिवाय दोघांनाही एकच प्रसंग द्यायचा: पक्षाघात, दोन आठवडे शुद्ध नाही, डॉक्टर म्हणतात सुधारण्याची आशा फारच कमी, मशीन चालू ठेवायचं का? आईने किंवा वडिलांनी आपल्यासाठी उत्तर द्यायचं, मुलाने ‘आई काय म्हणेल’ ते सांगायचं. अशा १६ अभ्यासांचा २००६ मध्ये आढावा घेतला गेला, त्यात नातेवाइकांचा अंदाज साधारण ६८ टक्के वेळाच बरोबर निघाला. म्हणजे तीनांतला जवळजवळ एक निर्णय माणसाच्या मनाविरुद्ध. ‘आम्हाला माहीत आहे आईला काय हवंय’ या खात्रीसमोर ही जुळणी ठेवली की चित्र बदलतं. प्रसंग सांगताना कुणाचं नाव किंवा वय घालू नये, नाहीतर लोक त्या पात्राचाच विचार करत बसतात.

मुलाखत कुठे आणि केव्हा, यावर उत्तरं फिरतात. दुपारी दोन ते चार ही वेळ बरी. ओट्यावर बसलात तर दहा मिनिटांत शेजारणी जमतात. आतल्या खोलीत बसलात तर सून चहा घेऊन येते आणि तिथेच टेकते. तिला उठवता येत नाही, ते शोभतही नाही. दोन जणांनी जाणं हा त्यावरचा उपाय: एकाने आजींशी बोलायचं, दुसऱ्याने बाहेर सुनेकडून घरातली माणसं, शिक्षण, दवाखान्याचा खर्च असली माहिती भरून घ्यायची. तरीही कुणी जवळ असेलच तर फॉर्मवर ‘कोण हजर होतं, कुठल्या प्रश्नापासून’ हा रकाना हवा. गावच्या आशाताईंना मुलाखतीला बसवू नये, ओळख करून द्यायला जरूर न्यावं. त्यांच्यासमोर माणसं सरकारी योजनेत बसेल असं उत्तर देतात. सुतक असलेल्या घरात, पितृपक्षात, किंवा लग्नाच्या तयारीत असलेल्या घरात जायचं नाही; तारीख पुढे ढकलायची आणि ते घर यादीतून काढायचं नाही. काढलं तर नुकता मृत्यू बघितलेली माणसंच नमुन्यातून गळतात, आणि या विषयाचा विचार बहुधा त्यांनीच सगळ्यात जास्त केलेला असतो.

नकाराबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण इथे आकडे सर्रास चुकवले जातात. बाकीच्या सर्वेक्षणांत नकार म्हणजे गळती. या सर्वेक्षणात नकार हेच मोजमाप आहे. बोलायची तयारी नसलेला माणूस ‘तयारी नाही’ अशी खूण करायलाही बसत नाही, तो दारातूनच हात जोडतो. समजा २०० जणांकडे गेलात. विषय ऐकून ५० जणांनी नको म्हटलं. उरलेल्या १५० पैकी ३० जण ‘देवाच्या हातात आहे’ म्हणून थांबले, ३० जण नाही म्हणाले, ९० हो म्हणाले. १२० पैकी ९० धरले तर ७५ टक्के तयार. १५० पैकी धरले तर ६० टक्के. २०० पैकी धरले तर ४५. तिन्ही आकडे त्याच वहीतले आहेत. अहवालात तिन्ही द्यावेत आणि मथळ्यात शेवटचा. नकार देणाऱ्याचं अंदाजे वय, बाई की पुरुष, आणि नकार विषय सांगण्याआधी आला की नंतर, एवढं तरी टिपून ठेवावं. विषय सांगण्याआधीचा नकार वेळेचा असतो, नंतरचा विषयाचा.

‘देवाच्या हातात’ हेही ‘माहीत नाही’मध्ये ढकलू नये. त्याचे निदान दोन अर्थ असतात. एक, विषय बंद करा. दुसरा, माझी खरोखर अशी श्रद्धा आहे की मशीन लावून देवाच्या कामात ढवळाढवळ करू नये, आणि ही तर उपचारांबद्दलची स्पष्ट इच्छाच झाली. ‘म्हणजे कसं, जरा सांगता का?’ एवढं हळू विचारून थांबायचं. पाच सेकंद गप्प बसायची सवय मुलाखत घेणाऱ्याला लावावी लागते. पहिल्या दिवशी सगळे तिसऱ्या सेकंदाला पुढचा प्रश्न टाकतात.

संमती घेताना मृत्यू हा शब्द उच्चारायचा की नाही? लपवणं योग्य नाही, आणि दारातच उच्चारला तर नकार वाढण्याची भीती. ‘गंभीर आजारात, अगदी शेवटच्या दिवसांतसुद्धा, माणसाला कोणते उपचार हवे-नको वाटतात आणि तो ते कुणाला सांगतो, याबद्दल विचारणार आहोत. कुठल्याही प्रश्नाला नाही म्हणता येईल.’ हे खरं आहे आणि ऐकवतं. शंका असेल तर अर्ध्या घरांना, चिठ्ठी टाकून, मृत्यू शब्दासह आणि अर्ध्यांना या शब्दांत विचारावं. दोन्हीकडच्या नकारांतला फरक हाही एक निष्कर्षच आहे.

नमुना किती? प्रमाण ५० टक्के धरून, ५ टक्के चुकीची मुभा आणि ९५ टक्के विश्वासपातळी (म्हणजे शंभरातल्या ९५ वेळा उत्तर या मुभेत राहील) घेतली तर ३८५. हा आकडा सगळे घेतात आणि इथेच थांबतात. पण वाड्यावस्त्या किंवा वॉर्ड निवडून त्यातली घरं घेणार असाल तर एका वस्तीतली माणसं एकमेकांसारखी उत्तरं देतात, म्हणून दीडपट करा: ५७८. त्यावर २० टक्के नकार धरले तर ५७८ भागिले ०.८, म्हणजे ७२३ दारं. विषय लक्षात घेता २० टक्के हा अंदाज सौम्यच आहे. आधी ३० घरांत चाचणी घेऊन स्वतःचा आकडा वापरावा. घरात साठीपुढची दोन माणसं असतील तर ज्याचा वाढदिवस आधी येतो त्याला विचारायचं. जन्मतारीख माहीत नसेल तर चिठ्ठी. तसं केलं नाही तर दर वेळी आजोबाच पुढे येतात आणि आजींचा आवाज मोजणीत उरत नाही.

कायद्याच्या माहितीचे प्रश्न सगळ्यात शेवटी ठेवायचे. आधी विचारले तर ते धडा होऊन बसतात आणि तयारीचं उत्तर फुगतं. कायदा मुलाखत घेणाऱ्याला मात्र पक्का माहीत हवा. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ ला ‘कॉमन कॉज’ खटल्यात वैद्यकीय इच्छापत्राला (पुढे कोणते उपचार हवे-नको हे आधीच लिहून ठेवलेल्या कागदाला, म्हणजे ‘लिव्हिंग विल’ला) मान्यता दिली, पण त्यावर न्यायदंडाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी लागत असे, आणि ती अट लोकांना जमण्यासारखी नव्हती. २४ जानेवारी २०२३ ला ती बदलली. आता १८ वर्षांवरच्या, शुद्धीत असलेल्या माणसाने स्वखुशीने लिहायचं, आपल्या वतीने निर्णय घेणाऱ्यांची नावं घालायची, दोन साक्षीदारांसमोर सही करायची आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून प्रमाणित करून घ्यायचं. एक प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यायची असते. वेळ आल्यावर आधी रुग्णालयातल्या डॉक्टरांचं प्राथमिक मंडळ, मग दुय्यम मंडळ मत देतं, प्रत्येकाने शक्यतो ४८ तासांत. मोजणी चालू असताना या विषयाची बातमी गाजली तर तारीख वहीत टिपून ठेवायची. मे २०२४ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे न्या. एम. एस. सोनक यांनी आपलं वैद्यकीय इच्छापत्र नोंदवलं, तेव्हा गोव्यात असं सर्वेक्षण चालू असतं तर त्याआधीची आणि नंतरची उत्तरं एकत्र मिसळून चाललं नसतं.

डोळ्यांत पाणी आलं म्हणून मुलाखत लगेच गुंडाळायची नसते. पेन खाली ठेवायचं, पाणी द्यायचं, ‘थांबू या का?’ असं विचारायचं. बऱ्याचदा उत्तर ‘नको, विचारा’ असंच येतं, कारण इतकं शांतपणे कुणी विचारलेलं नसतं. थांबा म्हटलं तर थांबायचं, आणि आधीची उत्तरं ठेवायची की फाडायची हेही त्यांनाच विचारायचं. निघताना टेली-मानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, १४४१६ हा क्रमांक लिहिलेला कागद घरात ठेवायचा, मोठ्या अक्षरात.

शेवटचं काम तीन महिन्यांनी. ज्यांनी ३ किंवा ४ ही पायरी दाखवली होती त्यांना फोन करून एवढंच विचारायचं: ‘मावशी, तेव्हा तुम्ही मुलाशी बोलायचं म्हणाला होतात. विषय निघाला का?’ निघाला असेल तर तेच तीन उपप्रश्न पुन्हा. नसेल तर कारण, त्यांच्याच शब्दांत. आणि फोन मुलाने उचलला तर त्याला विषय सांगायचा नाही, ‘आईंशी दोन मिनिटं बोलायचं होतं, त्या केव्हा मोकळ्या असतात?’ एवढंच विचारून ठेवायचा.